चौदा घरं, एक मोडेम

आमच्या घरचा फोन जवळजवळ दोन वर्षं एंगेज होता. हे मी वाढवून सांगत नाही. रात्री अकरानंतर मी तो मोकळा करायचे, पण त्या वेळी फोन करण्याइतकं वाईट सुदैवानं कुणाचं काही झालं नाही. वणीचा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, त्याला एकदा लागोपाठ आठ दिवस फोन लागला नाही. तेव्हा तो पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि खुरासणी भरून एसटीनं थेट सातपूरला आला. दारात उभा राहून त्यानं आधी आम्हा तिघांना नीट पाहून घेतलं, मग चपला काढल्या. "सगळे बरे हाय ना? मग फोन कोण खातंय?" त्यानं विचारलं. आईनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

फोन मी खात होते, आणि एकटी नव्हे, चौदा घरं मिळून खात होतो. आमची कॉलनी कामगारांची होती. एकसारख्या दुमजली इमारती, प्रत्येक मजल्यावर चार दारं, मागच्या बाजूला हातभर रुंदीची गॅलरी. आमच्या गॅलरीत मी एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. त्याला मोडेम, मोडेमला घरचा फोन. तो एकच फोन दिवसभर इंटरनेटला जोडून ठेवायचा आणि त्यातून आलेलं तारांवरून घराघरांत वाटायचं, असा सगळा मामला होता. आज ज्यांच्या घरात मुलं एकेका खोलीत वेगळा सिनेमा बघतात, त्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्या एका फोनमधून चौदा घरांच्या वाट्याला काय येत असेल? संध्याकाळी सगळेच बसले की फोटो वरून खाली बोट बोट उतरायचा. एखाद्या स्थळाचा फोटो असला तर आधी कपाळ दिसायचं, मग भुवया. नाक येईपर्यंत घरातली चर्चा संपून मुलगा नापसंतसुद्धा झालेला असायचा. तरी लोक खूश होते. त्यांच्याकडे याआधी काहीच नव्हतं, त्यामुळे कशाशी तुलना करावी हा प्रश्न आला नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि गंगापूर रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासनं नवी यंत्रं घेतली तेव्हा मालकांनी अडगळीतलं सामान मला नेऊ दिलं. त्यात तो कॉम्प्युटर होता, तारांची दोन भेंडोळी होती आणि आठ तोंडांचा एक हब होता. हब म्हणजे तारांचा चौक, एका तारेनं आलेलं बाकीच्या तारांना वाटणारा. त्याच्या आठांपैकी तीन तोंडं मेलेली होती. अशी तार शंभर मीटरच्या पुढे नेली की तिच्यातला जीव जातो, म्हणून मध्ये कुठंतरी आणखी एक हब बसवावा लागतो. हबला वीज लागते. ती वीज कुणाच्या घरातून घ्यायची, यावर माझा अर्धा धंदा उभा होता. ज्याच्या गच्चीवर हब, त्याला नेट फुकट, असा करार मी तोंडी करायचे. पावसापासून वाचवायला हब श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचे. तापवलेल्या सळईनं डब्याला भोकं पाडली की तारा आत जायच्या. भर उन्हात झाकण उघडलं की वेलचीचा वास यायचा. कॉलनीतल्या बायका मला श्रीखंडाचे रिकामे डबे आठवणीनं आणून द्यायच्या, आणि त्याच बायका माझ्या तारांवर लुगडी वाळत घालायच्या. ही दुसरी गोष्ट कळायला मला महिना लागला. दर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिसऱ्या इमारतीचं नेट जायचं आणि दुपारी आपोआप यायचं. मी हब बदलला, तार बदलली, मोडेमवर संशय घेतला. शेवटी एका शुक्रवारी गच्चीवर गेले, तर माझ्या तारेवर दोन नऊवारी, एक चादर आणि अगदी टोकाला जिथं तार हबमध्ये जाते तिथं एक सतरंजी. मी काही बोलायच्या आत पाटीलकाकू म्हणाल्या, "तार लय मजबूत हाय गं तुझी. आणखी एक बांध ना इकडून." मी दुसऱ्या दिवशी त्यांना नायलॉनची दोरी बांधून दिली.

अण्णांबद्दल आता सांगायला हवं. माझे वडील सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. केसाच्या जाडीत काम करणारा माणूस. त्यांच्या बोलण्यात 'जवळपास' हा शब्द नव्हता. माझ्या लहानपणी घरातलं घड्याळ भोंग्यावर लावलेलं असायचं. सकाळचा भोंगा झाला की आईची भाकरी तव्यावर पडायची, दुपारचा झाला की गल्लीत सायकली यायच्या. प्रेसच्या ठोक्यांचा आवाज रात्रीसुद्धा असायचा, आणि तो थांबला तरच आम्हाला जाग यायची. मी तारा ओढायला लागले त्याच वर्षी कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. आधी म्हणाले पंधरा दिवस, मग म्हणाले महिना, मग कुणीच काही म्हणायचं सोडून दिलं. अण्णा त्यानंतरही सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून दाढी करायचे, धुतलेला खाकी शर्ट घालायचे आणि खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. भोंगा दुसऱ्या कंपनीचा होता, तो चालूच राहिला.

माझ्या कामाला ते 'तुझं वायरींचं' म्हणायचे. त्यांना ते काम वाटत नव्हतं, आणि पोरीनं गच्च्यांवरून उड्या मारत फिरणं तर मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी मला कधी अडवलं नाही, कधी विचारलंही नाही. पण एकदा मी जेवताना आईला सांगत होते की खांबाला तार धरून ठेवायला चांगला क्लॅम्प मिळत नाही, बाजारातले वाऱ्यानं सुटतात. चार दिवसांनी खिडकीत पेपरात गुंडाळलेले दहा क्लॅम्प होते. पट्टी कापून, वाकवून, कडा घासून गोल केलेल्या, तारेला काचू नयेत म्हणून. कुणी ठेवले हे विचारायची गरज नव्हती. मी ते बसवले. त्यांतले दोन अजून त्या कॉलनीत असल्याचं मागच्या वर्षी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तारा मात्र केव्हाच गेल्या. आणि एक गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळायची. मोडेम लागताना जी किंचाळी मारतो, ती ऐकून ते आतल्या खोलीतून सांगायचे, "नाय लागणार. दात बसंना." खरंच लाइन लागायची नाही. गिअरच्या दाताला दात बसतो की नाही हे त्यांनी तीस वर्षं कानानं ओळखलं होतं, त्यांना दोन्ही सारखंच वाटत असावं.

वंदनाताई भामरे हे माझं चौदावं घर. त्यांचे यजमान भामरेकाका अण्णांच्याच टूलरूममध्ये होते, सटाण्याकडचे. कुलूप लागल्यावर ते पार खचले. दिवसभर कॉलनीच्या पारावर बसून राहायचे. वंदनाताई बारावी शिकलेल्या, टायपिंग उत्तम, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. कुठूनतरी त्यांना कळलं की अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांची माहिती तोंडानं बोलून ठेवतात, ते बोलणं इंटरनेटवरून इकडे येतं, आणि ऐकून ऐकून ते टाइप करून परत पाठवायचं काम घरबसल्या मिळतं. त्यांनी तीन महिने शिकवणी लावली, भावाकडून जुना कॉम्प्युटर आणला आणि माझ्याकडे आल्या. त्यांच्या इमारतीपर्यंत माझी तार पोचत नव्हती. मी मध्ये एक हब वाढवून पोचवली. मुंबईच्या एका कंपनीनं त्यांना परीक्षेसाठी बारा फाइली द्यायचं कबूल केलं. त्या वेळेत आणि बिनचूक गेल्या तर काम कायमचं, नाही तर नाव कापलं, दुसरी संधी नाही. फाइली येणार अष्टमीला दुपारी, परत जायला हव्यात नवमीला संध्याकाळी सहाच्या आत. "भाऊंना मात्र बोलू नको हं," वंदनाताई मला म्हणाल्या. भाऊ म्हणजे अण्णा. "यांना ओशाळं वाटतं. मित्रांत कळलं की बायको टाइप करून घर चालवते, तर हे पारावर बसायचेसुद्धा बंद होतील." मी शब्द दिला. अष्टमीला दुपारी मी बाकीच्या तेरा घरांचं नेट बंद केलं, 'लाइनला प्रॉब्लेम आहे' असं सगळ्यांना सांगितलं आणि पूर्ण लाइन वंदनाताईंना दिली. दोन तासांत फाइली उतरल्या. वंदनाताई रात्रभर बसणार होत्या.

नवमीला सकाळी लवकर मी शेवटच्या इमारतीकडे गेले. तिथली एक तार खारीनं कुरतडली होती. नवरात्राचे दिवस, आईचा घट बसलेला, घटावर कडाकण्या टांगलेल्या, घरात धुपाचा आणि भगरीचा वास. निघताना अण्णा अंगणात बसून काहीतरी फडक्यानं पुसत होते, मी पाहिलं पण लक्ष दिलं नाही. परतायला बारा वाजले. जिन्यात असतानाच मला आमच्या फोनची घंटी ऐकू आली. त्या घंटीचा आवाज मी इतके दिवस ऐकलेला नव्हता की तो आमचाच फोन हे कळायला मला क्षणभर लागलं. आत गेले तर आई वणीच्या मामाशी फोनवर, तोंडभर हसू. "हां रे भाऊ, आज लागला बघ! सकाळधरनं सगळ्यांचे फोन येऊन ऱ्हायले!"

गॅलरीत चौरंग मांडला होता. चौरंगावर माझा कॉम्प्युटर होता, लख्ख पुसलेला. त्यावर मोडेम, शेजारी आठ तोंडांचा हब. तिन्हींवर हळदकुंकवाची बोटं, तिन्हींना मिळून झेंडूचा एक जाड हार. पुढं निरांजन, विडा, पेढे. आणि त्यांच्या पायाशी, एका पांढऱ्या फडक्यावर, अण्णांचा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ठेवले होते. मापं घ्यायची ही दोन हत्यारं ते कपाटात मखमलीच्या डबीत ठेवत, लहानपणी आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. त्या दोघांच्या मधोमध माझी तारेला प्लग बसवायची पकड होती. सगळ्या वायरी काढून, गुंडाळून, दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवलेल्या. भिंतीवरच्या बटणावरसुद्धा कुंकवाचं बोट.

खंडेनवमी हा सातपूरमध्ये मोठा दिवस. प्रत्येक कारखान्यात यंत्रं धुऊन पुसून पूजतात, बायकामुलं नटून बघायला येतात, बुंदी आणि शेवेची पुडी मिळते. पूजा झाली की यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेलं असतं, त्याला तो एक दिवस विसावा. अण्णांचं त्या वर्षी तीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं की नवमी आली आणि पूजायला यंत्र नाही. "टूलरूमच्या मंडळींना चारला बोलावलंय," ते म्हणाले. खाकी शर्ट इस्त्रीचा होता. "त्यांच्या तरी कुणाच्या घरी काय हाय पूजायला? म्हटलं आपल्याकडे मशीन हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं मशीन लय राबतं गं. दिवसभर मी ऐकतो ना."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. मला फार आनंद झाला. आणि त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या श्वासात, वंदनाताईंच्या बारा फाइली आठवल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बारा वाजले होते, सहा तास हातात होते, घरात आम्ही तिघंच होतो. मी बोलले नाही. एक तर वंदनाताईंना दिलेला शब्द होता. पण ते निमित्त झालं. खरं कारण असं की अण्णांचा तो चेहरा मला मोडायचा नव्हता, आणि मला वाटलं की मी हुशार आहे, त्यांना कळू न देता यातून वाट काढीन. मी वंदनाताईंकडे गेले. त्या डोळे लाल करून शेवटच्या दोन फाइलींवर बसल्या होत्या. तीन वाजता त्यांनी सगळं फ्लॉपीवर घालून दिलं. मी लूना काढली आणि गंगापूर रोडला गेले. तिथं तेव्हा नेटची पाच-सहा दुकानं होती, मला सगळी माहीत होती.

पहिल्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत सात कॉम्प्युटर ओळीनं, सातांना झेंडूचे हार, एकावर नारळ. मालक म्हणाला, "ताई, आज नाही. आत्ताच पूजा झाली, पेढा घ्या." दुसऱ्या दुकानात मालक नव्हता, फक्त हार होते. तिसरीकडे मला पेढा आणि केळं मिळालं. चौथं बंद. पाचव्या दुकानदारानं ऐकून घेतलं, चुकचुकला, म्हणाला दसऱ्याला सकाळी सहाला उघडतो, पहिला नंबर तुमचा. मी ज्या क्लासमध्ये शिकवत होते तिथं गेले, तर सरांनी प्रयोगशाळेला कुलूप लावून दाराला तोरण बांधलं होतं आणि ते कुटुंबाला घेऊन देवीच्या गडावर गेले होते. सगळ्या गावात एकही यंत्र जागं नव्हतं. मी पेढ्यांनी चिकट झालेल्या हातांनी लूना चालवत परत आले. फ्लॉपी कुडत्याच्या आत ठेवली होती, घामानं भिजू नये म्हणून रुमालात गुंडाळून. आता हसू येतं. तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि मला रडू येत होतं.

घरी टूलरूम भरली होती. सात-आठ माणसं सतरंजीवर, सगळे धुतलेल्या कपड्यांत, दोघांनी तर कंपनीचा बिल्लासुद्धा लावलेला. अण्णा मधे बसून काहीतरी सांगत होते आणि हसत होते. गेटला कुलूप लागल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आई भजी तळत होती. भामरेकाका भिंतीला टेकून बसले होते. मी दारात आले तसं त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. एवढ्यात वंदनाताईही मागून आल्या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. काकांनी बायकोकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे वं, सकाय धाडू." सकाय म्हणजे उद्या. वंदनाताई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. उद्या पाठवून उपयोग नव्हता, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

मी कुणाशी बोलले नाही. सतरंजीवरच्या माणसांच्या मधून गॅलरीत गेले. हार काढला आणि चौरंगावर ठेवला. वायरींचा दोरा सुटेना, तो दातानं तोडला. फोनची वायर मोडेमला लावली, बटण दाबलं. कुंकू बोटाला लागलं ते ओढणीला पुसलं. मागं बोलणं थांबलं होतं. मोडेम किंचाळायला लागला. पहिल्यांदा लाइन लागली नाही. दुसऱ्यांदा लागली आणि तुटली. त्या शांततेत तो आवाज इतका मोठा वाटत होता की मला वाटलं खालच्या रस्त्यावर ऐकू जात असेल. पाच तीस. पाच पस्तीस. तिसऱ्या वेळेला दात बसला. मी फ्लॉपी घातली. एकेक फाइल जायला लागली. माझी पाठ त्या माणसांकडे होती आणि मी ती वळवली नाही. बारावी फाइल पाच वाजून बावन्न मिनिटांनी गेली.

वळले तेव्हा बहुतेक जण उठले होते. अण्णा प्रत्येकाच्या हातात बुंदी आणि शेवेची पुडी देत होते, एकेकाला नावानं हाक मारून. माझ्याकडे पाहिलं नाही. रागही दिसला नाही. थोडा राग असता तर बरं, असं मी मनात म्हटलं.

भामरेकाका मुद्दाम सगळ्यात शेवटी निघाले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. त्यांचे डोळे भरले होते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "संगी, तू आमच्यासाठी लय केलं. पण तू भाऊला एकदा विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते," मी म्हणाले.

"नाय गं. तुला माहीत नाय. एका नवमीला पाण्याच्या पंपाचा शाफ्ट तुटला होता, गावात पाणी नव्हतं. साहेब धावत टूलरूमला आले. तवा नवमीचा लेथ तुझ्या बापानंच चालवला. त्याला रीत असती. ज्यानं पूजा केली, त्याला म्हणायचं, मशीन उठवा. तो हात जोडतो, माफी मागतो न् आपल्या हातानं उठवतो. दोन मिन्टाचं काम. कुणाचं अडलं असलं तर कुणी नाय म्हणत नाय." पायरी उतरता उतरता ते म्हणाले, "मीच बोलायला पाहिजे होतं खरं तर. माझीच जीभ नाय उचलली."

वंदनाताईंना काम मिळालं. त्यांनी ते पुढं बरीच वर्षं केलं, नंतर हाताखाली चार बायका घेतल्या, दोन्ही मुलांचं शिक्षण त्यावर झालं. भामरेकाका फाइली तपासून द्यायला शिकले, औषधांची नावं त्यांना तोंडपाठ होती. त्यामुळे मी त्या दिवशी बटण दाबलं याचा मला पश्चात्ताप नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दाबीन. पण ते मी कसं दाबलं, याचा आहे. टूलरूमची ती रीत मला कुणी सांगितली नव्हती हे खरं. मुलींना नवमीला बुंदी मिळायची, रीती मिळायच्या नाहीत. तरी घरातल्या माणसाला एक वाक्य विचारायला रीत माहीत असावी लागत नाही. आज माझी माणसं गावभर काचेची, म्हणजे फायबरची, तार ओढतात, नवमीला आमच्या ऑफिसातही पूजा होते, आणि यंत्रं चालूच असतात, कारण आता ती बंद ठेवता येत नाहीत. हार मी तारांना धक्का लागू नये असा लांबून घालते. अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी त्यानंतर मला क्लॅम्प करून दिले, गच्चीवर उभा करायचा पाइप वेल्ड करून दिला, लाइन बसणार की नाही तेही सांगत राहिले. माझ्या यंत्राला फूल मात्र पुन्हा कधी वाहिलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही की वाहा.

त्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी मी उठले तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. आदल्या संध्याकाळपासून तो बंदच केला नव्हता, तेरा घरं खोळंबली होती. फोन पुन्हा एंगेज होता. अण्णा आंघोळ करून, तोच इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आतल्या खोलीतून आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात शेंडी काढून ठेवलेला नारळ. विसावलेलं यंत्र दसऱ्याला सकाळी नारळ फोडून पहिल्यांदा सुरू करायचं असतं, आणि टूलरूममध्ये तो मान इतकी वर्षं त्यांचा होता. सवयीनं ते गॅलरीच्या दारापर्यंत गेले. आत पंखा घरघरत होता, हबचे हिरवे दिवे लुकलुकत होते. ते तिथंच थांबले.

मी घाईनं म्हणाले, "अण्णा, मी बंद करते. तुम्ही करा ना सुरू."

"चालू मशीन काय सुरू करायचं," ते म्हणाले. अगदी शांतपणे, हिशेब चुकलेल्या पोराला समजावून सांगावं तसं. मग स्वयंपाकघरात गेले, नारळ ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाले, "चटणीला घे."